जानरावाच्या बाजूचं घर

जानराव माळ्यानं तो पितळी बिल्ला घेतला तेव्हा त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. खरं म्हणजे त्याच्या मनात काहीच नव्हतं. आणि लग्न झाल्यापासून तानुबाईची तक्रार तरी दुसरी कोणती होती?

दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडं गोरे लोक आपसात लढत होते, तिकडचा कापूस तिकडंच अडकला होता, आणि इकडं वऱ्हाडात रुईला असा भाव आला होता की काल ज्याच्या घरी धड दोन ताटं नव्हती तो आज बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवून अमरावतीच्या बाजारात मिरवत होता. (बैलांना त्याचं काही नव्हतं. पेंड तेवढीच मिळत होती.) जो उठला तो कापूस पेरत होता. वांगी, मेथी, कांदा लावायला कोणाला सवड नव्हती.

"सारे कापूस पेरून राहिले," जानराव म्हणाला होता, "आपन बी पेरू."

"पेरा नं. आन् मंग भाकरीसंगं कापूसच तोंडी लावा."

तानुबाईनं मळ्यात वांगीच लावली. त्या वर्षी लोकांच्या कनवटीला रुपये होते आणि बाजारात भाजी नव्हती. बडनेऱ्याच्या वाटेवरच्या तिच्या मळ्यात घोड्यावर बसून माणसं वांगी मागायला आली. एकदा एक दलाल चार वांग्यांसाठी अर्धा तास उभा राहिला, आणि तानुबाईनं त्याला तीनच दिली. तोंड वाकडं केलं म्हणून.

त्याच साली अमरावतीतल्या एका शेटनं नवी शक्कल काढली. चांगल्या घरच्या लोकांना त्यानं एकेक पितळी बिल्ला वाटला. एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला शेटच्या दुकानाची खूण. बिल्ला दाखवायचा, पाहिजे ते सामान उचलायचं, पैसे मागाहून. सगळे बिल्ले एकसारखे. कोणता कोणाचा, बिल्ल्यावर काही नव्हतं. मुनीम गल्ल्यावर विचारायचा, "कोणाच्या घरचं?" आणि वहीत लिहून ठेवायचा. एवढं सोपं.

जानरावानं तो का घेतला? शेजारच्या खुशालरावानं घेतला म्हणून.

"हे काय आनलं?" तानुबाईनं विचारलं.

"बिल्ला."

"थे दिसते मले. कायचा?"

"हा दाखवला का सामान भेटते."

"फुकट?"

"नाई वं. पैसे मंग द्याचे."

"मंग म्हंजे कवा?"

हे जानरावानं विचारलं नव्हतं. (तो दुकानात गेला, शेटनं त्याला 'या जानरावजी' म्हटलं, पान दिलं, आणि त्या 'जी'नंतर जानरावाला पुढचं काही ऐकू आलं नाही.) तानुबाईनं बिल्ला उतरंडीच्या सगळ्यांत खालच्या मडक्यात टाकला आणि वर चार मडकी रचली. त्यानंतर तिनं स्वतःच ती मडकी तीनदा उतरवली. एकदा मोटेचा नाडा तुटला म्हणून, एकदा पोळ्याला लुगडं पाहिजे म्हणून, आणि एकदा सासूला अडकित्ता पाहिजे म्हणून. तीन वस्तू. चौथी नाही. हे तिच्या डोक्यात पक्कं होतं, कारण तिच्या डोक्यातून वस्तू कधी निसटत नसे, फक्त जानराव निसटायचा.

मग गोऱ्यांची लढाई संपली आणि कापूस आपटला. शेंब्या शिंगांवरून उतरून सोनाराकडं गेल्या. शेटनं अमरावतीचं दुकान बंद केलं, सगळी उधारी अकोल्याच्या एका पेढीला रुपयाला आठ आण्यांनी विकली आणि तो आपल्या मुलखाला निघून गेला. अकोल्याच्या पेढीनं काय केलं? नावांची यादी धरली आणि दावे ठोकले.

चैत्रात, ऐन पाण्याच्या दिवसांत, कचेरीचा चपराशी मळ्यात आला. त्याचा पट्टा पाहूनच जानरावाचा आवाज गेला. तो असा जायचाच. पट्टा, टोपी, दौत, यांतलं काहीही समोर आलं की जानरावाच्या तोंडून नुसती हवा येत असे.

"जानराव माळी कोण?" चपराशानं विचारलं.

जानरावाच्या तोंडून हवा आली.

"हेच हायेत," तानुबाई म्हणाली. "बोला काय थे. मोट थांबली हाये."

चपराशानं समन्स वाचून दाखवलं. अकोल्याच्या पेढीचा दावा, त्र्याऐंशी रुपये सहा आणे. तारखेला हजर राहून जबाब दिला नाही तर एकतर्फी निकाल, आणि मोटेची जोडी जप्त.

तानुबाईनं आधी बैलांकडं पाहिलं, मग वांग्यांच्या वाफ्यांकडं. चैत्रात आठ दिवस मोट बंद राहिली तर त्या मळ्यात झाडू बांधायला काड्या मिळाल्या असत्या, दुसरं काही नाही.

"त्र्याऐंशी कायचे?" ती म्हणाली. "मोटेचा नाडा काय सोन्याचा होता?"

ते चपराशाला माहीत नव्हतं. तो दोन मुळे घेऊन निघून गेला.

*

तारखेला दोघं बैलगाडीतून कचेरीत गेली. मळ्यात बैल सोडून जायला तानुबाई तयार नव्हती. ("इथी ठेवून गेलो आन् कोनी मांगून नेले तं?") बैल कडुनिंबाखाली बांधले आणि आत गेली.

पेढीचा मुखत्यार अकोल्याहून आला होता. पांढरं उपरणं, हातात कागद. तहसीलदारसाहेबांनी जानरावाला विचारलं, "कर्ज कबूल आहे?"

हवा आली.

"त्याईले सोडा," तानुबाई पुढं झाली. "काय काय घेतलं म्हून लिहिलं हाये, थे वाचा."

मुखत्यारानं वाचलं. "लाल मखमल, नऊ वार. छताला टांगायची काचेची हंडी, एक. आरसा, माणसाएवढा, एक. विलायती छत्री, एक. गुलाबाचं अत्तर, तीन कुप्या…"

तानुबाई ऐकत राहिली. तिला राग यायला पाहिजे होता, आणि आलाही. पण त्याच्याही आधी तिला नवल वाटलं. माणसाएवढा आरसा! घेतला कोणी? ठेवला कुठं? छत्री काही भिंतीत लपत नाही. आणि यादी संपली तेव्हा तिला दुसरंच काही खटकलं. ती जानरावाच्या कानाशी लागली.

"आपला नाडा नाई आला."

"काय?"

"नाडा. लुगडं बी नाई. अडकित्ता बी नाई. आपन घेतलं थे एक बी नाई यात."

आणि मग जानरावाला, कचेरीत, पट्टेवाल्यांच्या गर्दीत, पहिल्यांदा आवाज फुटला. "गप राह्य! नाई आला तं नाई आला!"

पण तानुबाईला एखादी गोष्ट कळली नाही की तिला अन्न गोड लागत नसे. ती मोठ्यानं म्हणाली, "साहेब, यात आमचा नाडा काहून नाई?"

मुखत्यार खूश झाला. "नाडा राहिला असेल तर लिहून घेतो."

"लिहून कायले घेता? घेतला हाये थो! दोन सालं झाली!"

तहसीलदारसाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं. "बाई, तुम्ही दावा कमी करायला आलात की वाढवायला?"

"मी खरं सांगायले आली. जे घेतलं थे देईन, जे नाई घेतलं त्याचा एक छदाम देनार नाई. हा मानूस अकोल्याचा. यानं मले आरसा घेतांना पाह्यलं का? याले विचारा, शेटचं दुकान पूर्वेच्या आंगानं होतं का पच्छिमेच्या?"

मुखत्यारानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. "ते… यादीत नाही."

"पाहा! यादीच पाठ करून आला. ज्यानं सामान देल्लं, ज्यानं हातानं लिहिलं, त्याले आना. आन् त्यानं ज्या वहीत लिहिलं थे वही बी आना. उतारा नोको."

कचेरीत कुजबुज झाली. साहेबांनी मुखत्याराला विचारलं, मूळ वही आणि लिहिणारा मुनीम कुठं आहे? दोन्ही अकोल्याला, पेढीवर. मग आठ दिवसांनी दोन्ही इथं हजर करा. आणि तानुबाईकडं वळून म्हणाले, "मुनीम येऊन शपथेवर म्हणाला की दिलं, तर मात्र बैल जातील."

"आरसा निंगू द्या माया घरातून," तानुबाई म्हणाली, "बैल मीच आनून बांधतो कचेरीत."

गाडीत बसल्यावर जानराव म्हणाला, "असं कायले बोलली?"

"निंगनार हाये का आरसा?"

"नाई."

"मंग?"

पण बैलांची शेपटी पिळताना तिचा हात जरा जड पडला.

*

तिनं शोध सुरू केला. कोथिंबिरीची जुडी घेऊन ती पहिल्यांदा शेजारच्या पार्वताबाईकडं गेली. पार्वताबाई म्हणजे खुशालरावाची बायको. नाकात एवढी मोठी नथ की बोलताना तिला एक हात नथेला लावावा लागे, त्यामुळं ती नेहमी काही विचार करत असल्यासारखी दिसायची. (करत नसे.) आत पाऊल टाकलं आणि तानुबाई तिथंच थांबली. छताला काचेची हंडी. पार्वताबाईच्या अंगात लाल मखमलीची चोळी. खाटेवर लाल मखमलीची उशी. दावणीच्या बैलावरसुद्धा लाल मखमलीची झूल.

"नऊ वार," तानुबाई म्हणाली.

"तुले कसं समजलं?" पार्वताबाईनं नथेला हात लावला.

"हे कोनाच्या खात्यावर आनलं वं?"

"आमच्याच. आनखी कोनाच्या? आमाले बी बिल्ला हाये, तुमालेच काय एकट्याईले? आन् फेडलं बी. मालकानं पैसे भरले पेढीवर, मले पावती दाखवली."

"पावतीत मखमल होती?"

"मले वाचता येते का? पावती होती. निळ्या शाईची."

खोटं बोलताना पार्वताबाईची नथ हलत असे. नथ हलली नाही.

तानुबाई दुसऱ्या बाजूच्या घरी गेली. तिथं नत्थुजीची बायको सुभद्रा, उंच, वाळकी बाई. दारातच तानुबाईला समोरून कोणी बाई चालत येताना दिसली. घामेजलेली, तापट चेहऱ्याची, हातात कोथिंबीर. "कोन हाये थे?" असं तिनं दरडावून विचारलंही. मग तिला कळलं की तो आरसा आहे.

"हा आरसा…"

"घेतला बिल्ल्यावर," सुभद्रा म्हणाली. "आन् अत्तर बी, छत्री बी. पानी आलं नं गेल्या साली गच्चीतून, थ्या छत्रीखाली चूल ठेवली."

"पैसे?"

सुभद्रानं आवाज खाली आणला. "आमाले कोनी मागितलेच नाईत, ताने. इसरले वाटते. मी बी आठवन नाई करून देल्ली. तू कोनाजवळ बोलू नोको."

तानुबाई घरी आली आणि चुलीपुढं बसून राहिली. भाकरी करपली. आरसा सापडला, छत्री सापडली, मखमल सापडली. घेणाऱ्या सांगतात, आम्ही आमच्या नावावर घेतली. एकीनं फेडली, एकीला कोणी मागितली नाही. आणि मागणं आलं कोणाला? आपल्याला. मग आपण घेतलेला नाडा कुठं गेला?

"अवो," तिनं विचारलं, "पार्वताची मखमल आपल्या नावावर कशी आली असन?"

"जादू," जानराव म्हणाला.

तानुबाईनं त्याच्या ताटात करपलेली भाकरी वाढली.

*

आठ दिवसांनी सहदेव मुनीम आला. बारीक माणूस, कानाला बोरू, काखेत लांबलचक लाल वही. वही उघडली. जानराव माळी हे नाव होतं, आणि खाली मखमल, हंडी, आरसा, सगळं.

"हे तुम्ही लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

"माझंच अक्षर."

"सामान कोणाला दिलं?"

"जानरावाच्या घरच्या बायांना. मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या."

"बायांना?" तानुबाई म्हणाली. "किती बाया?"

सहदेवानं वर पाहून मोजलं. "दोन तर नक्की. एक गोरी, ठसठशीत. एक उंच, सडपातळ."

कचेरीतली सगळी डोकी जानरावाकडं वळली. सगळ्यांत हळू वळलं ते तानुबाईचं.

"गोरी?" ती म्हणाली.

जानरावाच्या तोंडून हवासुद्धा येईना.

"ठसठशीत?"

जानरावानं दोन्ही हात जोडले. ते साहेबांना होते की तिला, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तानुबाईनं त्याला पायापासून मुंडाशापर्यंत एकदा नीट पाहून घेतलं. एका बायकोपुढं ज्याची बोलती बंद, तो आणखी दोघींना आरसा कधी घेऊन देणार? "नाई," ती साहेबांना म्हणाली. "यांच्यानं व्हनार नाई."

जानरावाला हायसं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

"बाई, तुमची जबानी लिहू द्या," साहेब म्हणाले. "मुनीम शपथेवर सांगतो आहे. तुमचं म्हणणं कागदावर आलं नाही तर मला हुकूम करावा लागेल."

केशवराव कारकून दौत घेऊन सरसावला. एका हातानं तो तीन कामं करत होता आणि तिन्हींकडं पाहत नव्हता. "लिहून देणार… कोणाची बायको?"

तानुबाईनं जानरावाकडं पाहिलं.

"कोणाची बायको?"

आता नवऱ्याचं नाव बायको घेते का? बावीस वर्षांत तिनं घेतलं नव्हतं. हाक मारायची तर "अवो", आणि फारच रागावली तर "आयकलं का". त्या नावाचा कांदेवाला बाजारात होता, त्यालासुद्धा ती 'कांदेवाला' म्हणायची.

"नाव सांगितल्याशिवाय जबानी नाही," केशवराव म्हणाला. "जबानी नाही तर एकतर्फी."

खिडकीतून कडुनिंबाखालचे बैल दिसत होते. रवंथ करत होते. त्यांना आपलं काय ठरतं आहे याची काही कल्पना नव्हती. तानुबाईनं पदर ओढला, तोंड भिंतीकडं फिरवलं आणि दुकानात, देवळात, जिथं कोणी विचारलं तिथं ती जे सांगायची तेच सांगितलं.

"खुशालरावाच्या बाजूचं घर नाई का? थ्याईची."

केशवरावानं लिहिलं. मग तिचं म्हणणं लिहिलं, नाड्यापासून अडकित्त्यापर्यंत. आणि निशाणी करून घेण्याआधी रिवाजाप्रमाणं वाचून दाखवलं.

"लिहून देणार, खुशालराव माळी याची बायको—"

"कोनाची?"

दौत हलली.

"खुशालराव—"

"मले खुशालरावाची बायको करता? मी खुशालरावाची? आवं माय! थे पार्वता मले जित्ती ठेवीन का? आन् थ्या खुशालरावाचं तोंड पाह्यलं का तुमी?"

(खुशालराव मागं दारात उभा होता. शेजारधर्म म्हणून आला होता. त्यानं तोंड वळवलं.)

"तुम्हीच सांगितलंत!" केशवराव म्हणाला.

"मी बाजूचं घर म्हनलं! बा-जू-चं!"

"बाजूचं-बिजूचं लिहायला कागदावर जागा नसते, बाई. जे नाव कानावर पडतं ते आम्ही लिहितो."

तानुबाई पुढची शिवी द्यायला तोंड उघडून तशीच राहिली. तोंड उघडंच. कचेरीत कोणी तरी खोकलं. मग ती हळूच सहदेव मुनिमाकडं वळली, आणि तिचा आवाज इतका मऊ झाला की जानराव घाबरला.

"मुनीमजी, तुमी बी असंच लिहता का?"

"मग दुसरं कसं लिहिणार? दुकानात ही गर्दी. बाई पदर ओढून भिंतीकडं तोंड करून उभी. 'कोणाच्या घरचं' विचारलं की त्यातून एक नाव ऐकू येतं. ते लिहायचं."

"थे गोरी. नथवाली होती?"

"नथ! हो, मोठी नथ. हात लावूनच बोलायची."

"थे काय म्हने? आठवा बरं. जसं म्हने तसंच सांगा."

सहदेवानं डोळे मिटले. "'जानरावाच्या बाजूचं घर.'"

"आन् थे उंच बाई?"

सहदेवाचे डोळे उघडले. त्यानं वहीकडं पाहिलं. "तीही… 'जानरावाच्या बाजूचं घर'. पण साहेब, ती दुसरी बाजू असणार."

"माया नाडा पाहा!" तानुबाई ओरडली. "खुशालरावाचं पान काढा, तिथं पाहा!"

पान निघालं. खुशालराव माळी: मोटेचा नाडा एक, लुगडं एक, अडकित्ता एक. नऊ रुपये दोन आणे. आणि खाली निळ्या शाईत: चुकते.

"चुकते?" साहेबांनी दारात पाहिलं. "खुशालराव, नाड्याचे पैसे तुम्ही भरलेत?"

खुशालराव पुढं आला. "भरले साहेब."

"न घेतलेल्या नाड्याचे?"

"मले वाटलं घरातून घेतला असन."

"दप्तराप्रमाणं तुमच्या मळ्यात मोट नाही. नाडा कशाला घेतला, हे बायकोला विचारलं नाही?"

खुशालरावानं साहेबांकडं फार दयेनं पाहिलं. "साहेब, तुमचं लगन झालं हाये का?"

साहेबांनी पुन्हा रुमाल काढला. या वेळी रुमाल बराच वेळ तोंडावर राहिला.

*

हुकूम झाला. जानरावावरचा दावा खारीज. मोटेची जोडी मोकळी. पेढीनं मखमल आणि हंडी खुशालरावाकडून वसूल करावी, आरसा, छत्री, अत्तर नत्थुजीकडून. आणि तानुबाईनं नऊ रुपये दोन आणे खुशालरावाला परत द्यावे. ते ती तिथंच द्यायला निघाली होती. कनवटीला बांधूनच आणले होते. "आठ दिवस झाले सांगून राहिली नाडा घेतला म्हून, कोनी आयकलं तं पाह्यजे," असं म्हणत तिनं ते खुशालरावाच्या हातावर मोजले.

साहेबांनी हुकमाच्या शेवटी आणखी चार ओळी घातल्या. वकील न करता, वहीतली जी चूक पेढीला, मुनिमाला आणि या कचेरीला दिसली नाही ती या बाईनं स्वतःच्या अकलेनं उघड केली आणि आपल्या घरचे बैल सोडवले. सबब तिची तारीफ करण्यात येते. असली ओळ त्या कचेरीतून आजवर कोणाच्या नावानं निघाली नव्हती. मोठ्यानं वाचली तेव्हा पट्टेवाल्यांनीसुद्धा माना डोलावल्या.

तानुबाईला लिहिता येत नव्हतं. बायकांनी कागदावर सहीच्या जागी बांगडी काढायची, अशी तेव्हा रीत होती. तिनं बोरू घट्ट धरला आणि एवढी मोठी, वाटोळी बांगडी काढली की ती खालच्या दोन ओळींवर गेली. मग ती बैल सोडायला बाहेर पळाली. बांगडीशेजारी नाव लिहायचं राहिलं होतं. केशवराव कारकुनानं जानरावाला विचारलं, "बाईंचं नाव काय?"

पट्टेवाले आजूबाजूला उभे होते, पण बैल सुटल्याच्या आनंदात जानरावाचा आवाज त्या दिवशी शाबूत होता. मात्र बायकोचं नाव चारचौघांत पुरुष घेतो का? त्यानं पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं, लाजला, आणि म्हणाला, "पार्वताबाईच्या शेजारची नाई का? थेच."

केशवरावानं बोरू दौतीत बुडवला.

हे कळलं तिसऱ्या दिवशी. चपराशी हुकमाची नक्कल घेऊन गल्लीत आला, आणि विहिरीवर सगळ्या बाया जमल्या असताना त्यानं ती मोठ्यानं वाचली. अकलेची बाई पार्वताबाई. बैल सोडवले पार्वताबाईनं. तारीफ पार्वताबाईची. पार्वताबाई त्या दिवशी कचेरीत नव्हतीच. घरी खाटेवर मखमलीच्या उशीला टेकून झोपली होती. पण तिनं नथेला हात लावला, चपराशाला बसायला पाट दिला, आणि पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. आठ दिवसांत बडनेऱ्यापर्यंतच्या बाया आपले झगडे घेऊन तिच्या दारात येऊ लागल्या. ती विचार करत असल्यासारखी दिसायची, त्यामुळं त्यांचं समाधानही व्हायचं.

तानुबाईनं गाडी जुंपली आणि तडक कचेरी गाठली.

"नाव चुकलं हाये," तिनं केशवरावापुढं नक्कल आपटली. "हे मी हाये. पार्वता नाई."

"दुरुस्त होईल की," केशवराव म्हणाला. तो समजूतदार माणूस होता. "एक अर्ज द्या, आत्ता लिहून घेतो." त्यानं कागद पुढं ओढला, बोरू दौतीत बुडवला आणि खाली पाहूनच विचारलं, "अर्जदार… कोणाची बायको?"

तानुबाईनं तोंड उघडलं. बोरूच्या टोकाला शाईचा थेंब लोंबत होता. तिनं एका बाजूचं घर आठवून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूचं, मग समोरचं. तोंड मिटलं. पदर सावरून ती उठली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पार्वताच बरी."